फणा धरणारा

दोरीला हिसका बसला तेव्हा मी मोजत नव्हतो. एवढंच घडलं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही दिसलंही नसतं. अकरा वाजून दहा मिनिटं, कारखान्याचं मागचं आवार, बाजूला सरकवलेलं गोल लोखंडी झाकण, त्या तोंडावर तीन पायांची उंच तिवई, तिवईच्या कप्पीवरून खाली अंधारात गेलेली नारिंगी दोरी, आणि दोरी मुठीत धरून स्टुलावर बसलेला बावन्न वर्षांचा एक माणूस, म्हणजे मी. हातमोज्यातून काहीतरी सरकलं, तळव्याला ओळखीचा हिसका बसला, आणि तो एक होता, दोन होते की तीन, हे मला सांगता येईना. एक म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे बाहेर काढ. वीस वर्षं हे तीन आकडे मी नव्या लोकांकडून घोकून घेतोय, एकाचं चुकलं तर सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावतोय, आणि आता वेळ आली तेव्हा मास्तरच नापास. खाली टाकीत माझा धाकटा भाऊ होता.

आमचा कारखाना कापड रंगवण्याचा. रंगाचं उरलेलं पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं, तळाशी गाळ बसतो, आणि दर पंधरा दिवसांनी कोणीतरी आत उतरून तो मोकळा करतो. टाकीला दोन खोल्या. मधल्या भिंतीत कमरेएवढी खिडकी, तिच्यातून वाकून पलीकडे जायचं. धाकटा पलीकडच्या खोलीत होता, म्हणजे दोरी आधी सरळ खाली आणि मग भिंतीच्या कोपऱ्यावरून वळून त्याच्या पाठीपर्यंत. वॉकीटॉकी काँक्रीटखाली मुकी होते. ओरडावं तर आत ताजी हवा ढकलणारा पंखा सतत घुमत असतो, त्यात स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. म्हणून दोरी. मोठमोठी यंत्रं आली, गेली, पण माणूस आत उतरला की अजूनही दुसऱ्या माणसाच्या हातात दोरीच असते. आणि त्या दुसऱ्या माणसाचं काम एकच, आत न जाणं. काही झालं तरी. गुदमरलेल्या एकामागे धावलेले दोन, असे किस्से आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात, आणि तरी दर काही वर्षांनी कोणीतरी धावतोच, आणि तो बहुतेक वेळा दोरीवालाच असतो. मी नव्या लोकांना सांगतो की बाबांनो, प्रेम खिशात ठेवा आणि पाय जमिनीवर. ते हसतात. आमच्याकडे एक रीतही आहे. उतरणाऱ्यानं आपला दोरीवाला आपण निवडायचा आणि वहीत त्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं, साहेबानं नाही, कोणी सुचवायचंही नाही. बायको एक वेळ दुसऱ्यानं निवडलेली चालेल, दोरीवाला नाही, असं इथले जुने लोक म्हणायचे. सकाळी धाकट्यानं वहीत माझं नाव लिहिलं तेव्हा मी पाहिलंच नव्हतं, कारण न पाहण्याची मला पाच महिन्यांत चांगली सवय झाली होती.

मी एक हिसका दिला. ठीक आहेस का? उत्तरादाखल एक यायला हवा. नियमाप्रमाणे अर्धं मिनिट थांबायचं, मग पुन्हा विचारायचं, पुन्हा अर्धं मिनिट थांबायचं, आणि तरी काही आलं नाही तर भोंगा. मी घड्याळ पाहिलं आणि सेकंदकाटा माझ्यावर उपकार केल्यासारखा हलायला लागला. ज्या क्षणी दोरी हलली त्या क्षणी मी कुठे होतो? मी एका रकान्यात होतो. पाच महिन्यांपूर्वी एका दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या छापील कागदावरच्या सातव्या रकान्यात. तिथे धाकट्यानं नोकरीसाठी अर्ज केला होता. टाक्यांत उतरण्याची नोकरी नव्हती ती, शिकवण्याची होती. वर्गात उभं राहायचं, फळ्यावर टाकीचं चित्र काढायचं, आणि वर्षातून एकदा लोकांसमोर एका स्वच्छ, कोरड्या, खोट्या टाकीत उतरून दाखवायचं. गाव लांबचं. जायचं तर बायकोमुलीला घेऊन बिऱ्हाडच हलवावं लागणार. त्या कंपनीनं आमच्या सुरक्षा विभागाकडे त्याची माहिती मागवली, आणि सुरक्षा विभाग म्हणजे मी. सातवा रकाना होता, श्वासाचा काही जुना त्रास. मी लिहिलं, लहानपणापासून दमा, बंद जागेत काम देऊ नये.

खोटं लिहिलं नव्हतं. हेच तर आहे. त्याला दमा होता, चौदाव्या वर्षापर्यंत. नंतर गेला तो गेलाच, आता तो माझ्याहून भराभर जिने चढतो. पण होता. मी लिहिलं तेव्हा छातीत जुनी ओळखीची ऊब आली, जशी त्याचं काही करताना नेहमी यायची. लांब गाव, ओळखीचं कोणी नाही, तिथे काही झालं तर दोरी कोण धरणार? असं मी मनाशी म्हटलं. आणि कागद पाकिटात घालून पंधरा दिवसांनी त्याच धाकट्याला, बंद जागेत काम देऊ नये अशा त्या माणसाला, याच टाकीत उतरताना मी पाठीची कडी लावून दिली. त्या वेळी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत. आज आल्या. बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी, दोरी हलली त्याच वेळी. मी तो रकाना कोरा सोडला असता तर धाकटा आज फळ्यासमोर उभा असता.

अर्धं मिनिट झालं. दोरी गप्प. मी दुसरा हिसका दिला, जरा जोरात, आणि दोरी काही बोटं वर येऊन कुठेतरी अडली. खालून नाही, मधेच. माणसाच्या पाठीला लागलेली दोरी कशी लागते ते हाताला कळतं, तिच्यात जीव असतो. ही खुंटीला बांधल्यासारखी लागली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला मीटरवाली टेबलावर वाकून दुसऱ्या टाकीचे आकडे लिहीत होती. उतरण्याआधी हवा तपासून परवानगी देणं तिचं काम. सकाळी तिनं आमच्या टाकीच्या तोंडात नळी सोडून मीटर वाचलं होतं, सगळं ठीक म्हणाली होती, आणि जाताना म्हणाली होती, "आईसाहेब, चिखल ढवळला की आकडा बदलतो हं. लक्ष असू द्या." आईसाहेब म्हणजे मी. हे नाव मला गेल्या वर्षी पडलं. धाकट्याचं उत्तर यायला चारच सेकंद उशीर झाला आणि मी घाबरून भोंगा दाबला. सगळा कारखाना थांबला, दोनशे माणसं उन्हात आवारात येऊन उभी राहिली, उकळत्या हौदांतलं कापड वाया गेलं, आणि टाकीतून धाकटा बाहेर आला तो शिंकत. नाक चोळायला त्याचा हात अडकला होता, बस्स. त्यानं मला काही म्हटलं नाही. बाकीच्यांनी म्हटलं. तेव्हापासून मी जेवायच्या खोलीत शिरलो की कोणीतरी हमखास विचारतं, आईसाहेब, बाळानं दूध घेतलं का? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं उलट झालं होतं. बटण हाताशी होतं, लाल, तळहाताएवढं, आणि मला आधी दोनशे माणसांची तोंडं दिसली.

वाफ. पुढचे सेकंद मी वाफेत होतो, कारण टाकीच्या तोंडातून वर येणारी ओलसर गरम हवा माझ्या हनुवटीला लागत होती आणि तिला उतू गेलेल्या पाण्याचा वास होता. लहानपणी संध्याकाळी धाकट्याची छाती वाजायला लागली की आई गरम पाण्याचं घमेलं स्टुलावर ठेवायची, तो त्यावर तोंड धरायचा, आणि मी मागे उभा राहून त्याच्या डोक्यावर टॉवेल धरायचो. डोक्यावर टाकायचा नाही, धरायचा, दोन्ही हात उंच करून, नाहीतर ओल्या टॉवेलनं त्याचा जीव घाबरायचा. तो सहा वर्षांचा, मी अकरा. दहा मिनिटं. दहा मिनिटं हात वर धरून बघा, खांदे आपले राहत नाहीत. मी कुरकुर करू नये म्हणून आई तेवढ्या वेळात एकच गोष्ट सांगायची, आणि ती टॉवेलाला टॉवेल म्हणत नसे. "फणा नीट धर," म्हणायची.

गोष्ट पार्श्वनाथांची आणि धरणेंद्राची. राजपुत्र होते तेव्हा पार्श्वनाथांना वाटेत एक तापसी दिसतो, मोठाले ओंडके पेटवून बसलेला. ते त्याला म्हणतात, अरे, या ओंडक्यात जीव आहेत. तापसी चिडतो. ओंडका फोडतात तर आत अर्धवट जळालेली नागांची जोडी. मरता मरता त्यांच्या कानावर राजपुत्राचे चार चांगले शब्द पडतात, आणि ती जोडी पाताळात धरणेंद्र आणि पद्मावती म्हणून जन्माला येते. आईच्या आवाजात इथे नेहमी घाई यायची, कारण तोवर पाणी निवायला लागलेलं असायचं. मग पार्श्वनाथ सगळं सोडून उभे ध्यान करतात, आणि तो तापसी, त्याचं नाव कमठ, मरून आकाशातला कोणीतरी झालेला असतो. तो त्यांच्यावर सात दिवस पाऊस ओततो, दगड टाकतो, पाणी गळ्यापर्यंत चढतं. आणि मग जमीन दुभंगून धरणेंद्र वर येतो आणि डोक्यावर फणा धरतो. संपलं. आता हात खाली घे. मी हात खाली घ्यायचो तेव्हा माझे डोळे खरोखर भरून आलेले असायचे, थोडे दुखण्यानं आणि बरेचसे अभिमानानं. गोष्टीत मी कोण हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

एकदा धाकट्यानं टॉवेलाखालून विचारलं, "आई, देवाला पाऊस लागत होता का?" आई म्हणाली, नाही रे, ध्यानात होते ते, त्यांना ना पाऊस ना ऊन. "मग नागानं फणा कशाला धरला?" मला त्याचा असा राग आला! हात माझे तुटताहेत आणि हा खाली आरामात बसून फण्याचा हिशेब विचारतोय. आईनं घमेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाली, "नागाला धरायचा होता म्हणून. देव त्याला नको म्हणाले नाहीत, एवढंच." आणि वर आणखी एक म्हणाली, ते मी विसरायचा खूप प्रयत्न केला. म्हणाली, पाऊस पाडणारा आणि फणा धरणारा, देवांनी दोघांकडे सारख्याच नजरेनं पाहिलं. सारख्याच! मी टॉवेल सोडून दिला. मुद्दाम नाही. किंवा मुद्दाम. टॉवेलाचं टोक घमेल्यात पडलं, धाकटा दचकला, घमेलं कलंडलं आणि गरम पाणी त्याच्या डाव्या पावलावर गेलं. आई धावली. मी म्हणालो, हाच हलला. तो रडत होता, माझ्याकडे बघत होता, आणि तो काहीच म्हणाला नाही. ना तेव्हा ना नंतर कधी. त्या पावलावर अजून बदामाएवढा डाग आहे. बूट चढवताना मला दिसतो.

दुसरं अर्धं मिनिटही संपलं. आता नियम संपला होता आणि पुढे फक्त भोंगा होता. पण मी उठलो तो भोंग्याकडे न जाता टाकीच्या तोंडाकडे. खाली पाहिलं. शिडीच्या सहा पायऱ्या दिसत होत्या, पुढे काळं, आणि त्या काळ्यात भिंतीच्या खिडकीतून येणारा त्याच्या दिव्याचा पिवळट उजेड. उजेड हलत नव्हता. ओणवा होऊन काम करणाऱ्या माणसाचा दिवा एका जागी कधी राहतो का? मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. पंख्यानं ते गिळून टाकलं. मग माझा उजवा पाय पहिल्या पायरीवर होता. मी तो ठेवला नव्हता, तो तिथे होता. बुटाच्या तळव्याखाली लोखंडाची गोल कांब मला स्पष्ट लागत होती, आणि आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. आत जायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं, वर आणायचं. तो वाचेल किंवा आम्ही दोघंही वाचणार नाही, पण कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही. सातवा रकाना पुसला जाईल. माझ्या नावापुढे लिहिलं जाईल की भावासाठी गेला. हे सगळं मी त्या एका पायरीवर उभं राहून स्वच्छ पाहिलं, आणि त्यात धाकटा कुठेच नव्हता. मीच होतो, सगळीकडे, मोठा फणा काढून.

आणि कमठ. मागच्या रविवारी आम्ही सगळे आईकडे होतो. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन पडलो होतो, आत आई धाकट्याच्या मुलीला गोष्ट सांगत होती. आई आता एकाऐंशीची आहे, तिला कसली घाई नाही, पाणीही निवायचं नाही. त्यामुळे ती गोष्ट पहिल्यापासून सांगत होती, आणि ते पहिलं मी कधी ऐकलंच नव्हतं. खूप जन्मांआधी, आई म्हणाली, कमठ आणि पार्श्वनाथ सख्खे भाऊ होते. कमठ थोरला. थोरल्यानं धाकट्याचा मोठा अपराध केला, राजानं त्याला हाकलून दिलं, तर धाकटाच त्याची क्षमा मागायला रानात गेला. त्याच्या पायांवर वाकला, आणि थोरल्यानं हातातली शिळा त्याच्या डोक्यात घातली. पेपर माझ्या तोंडावर होता. त्यातली एक ओळही मला दिसेना. मुलगी झोपल्यावर मी आईला विचारलं, "हे तू आम्हांला कधी सांगितलं नाहीस." ती चष्मा पुसत होती. "तू थोरला होतास ना," म्हणाली. "टॉवेल धरून उभा. कशाला सांगायचं?" म्हणजे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षं तिनं गोष्टीतला तेवढा तुकडा मुठीत ठेवला होता, आणि मी आपला स्वतःला नाग समजून छाती फुगवत होतो. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं मी धाकट्याबद्दल आयुष्यभर बोलत आलो. पाऊसही मीच पाडत होतो आणि वर फणाही मीच धरत होतो, आणि त्यानं कोणाचे आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती?

मी पाय पायरीवरून काढला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तो पाय काढताना माझ्या तोंडातून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. मग भोंगा दाबला.

भोंग्यानं आवार फाटलं. कुठलं तरी दार आपटलं, यंत्रं एकामागून एक गप्प होत गेली, माणसं बाहेर यायला लागली, आणि मला त्यांची तोंडं दिसलीच नाहीत. मीटरवाली धावत आली, तिनं मीटरची नळी टाकीच्या तोंडात सोडली, आणि मीटर कर्कश ओरडायला लागलं. सकाळी शून्य होता तो आकडा तिनं मोठ्यानं वाचला. मी तो इथे सांगत नाही. "किती वेळ झाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, दोन मिनिटं. मग म्हणालो, "नाही, तीन असतील. मी उशीर केला." तिनं घड्याळ पाहिलं. "हिसका कितीचा होता?" "मी मोजला नाही," मी म्हणालो. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि दोरी माझ्याबरोबर धरली. पाठीवर हवेच्या नळकांड्या घेतलेले सुटकेचे दोघे मुख्य फाटकाकडून येतात, त्यांना चार मिनिटं लागतात, आम्ही तालमीत मोजलेली आहेत. त्या चार मिनिटांत मी काय केलं असं मला नंतर साहेबांनी लेखी विचारलं. मी लिहिलं, उभा राहिलो. दुसरं काहीच केलं नव्हतं. पंखा घुमत होता, मीटर ओरडत होतं, दोरी खुंटीला बांधल्यासारखी ताठ होती, आणि मी माझ्या दोन पायांवर उभा होतो, आणि प्रत्येक सेकंदाला मला ते पाय तिथे पुन्हा ठेवावे लागत होते. खांदे दुखायला लागले. मग लक्षात आलं की दोरीचे हात मी डोक्याच्याही वर धरले होते, गरज नसताना.

दोघे आले, उतरले. खिडकीतला पिवळा उजेड हलला. खिडकीतून आधी एक काळा बूट बाहेर आला, मग दुसरा, मग धाकटा वर आला, शिडीला धरून, स्वतःच्या पायांनी. तोंडावर छोटा पिशवीचा मुखवटा होता, कमरेला असतो तो, दहा मिनिटांच्या हवेचा. वर येऊन तो काठावर बसला, मुखवटा ओढून काढला आणि खोकला. तो खोकला ऐकून मी सहा वर्षांच्या मुलाकडे धावावं तसा पुढे झालो आणि मग तिथेच थांबलो. त्याचे डोळे लाल झाले होते. मीटरवालीनं त्याला पाण्याची बाटली दिली. सुटकेवाल्यांतला एक म्हणाला, "दोरी गाळाखालच्या लोखंडी पत्र्यात घट्ट अडकली होती. ओढून निघेना, पत्रा उचलला तेव्हा सुटली. हा तिथेच उभा, खिडकीपासून चार पावलांवर. म्हटलं, अरे, पट्टे सोडून बाहेर यायचं ना!" पट्टा पाठीवर बांधलेला असतो, त्याची कडी हाताला लागत नाही, पण छातीवरचे पट्टे सोडून सगळा पट्टाच कोटासारखा अंगातून काढून टाकता येतो. पाच सेकंदांचं काम. धाकटा मुखवटा घालून, मीटर छातीवर ओरडत असताना, दहा मिनिटांची हवा संपत असताना, पट्टे न सोडता उभा होता.

"का?" मी विचारलं. त्यानं पाण्याचा घोट घेतला. "दोरी मोकळी करायला हिसडली मी आधी. मग अजूनच अडकली. तुझे दोन्ही हिसके पत्र्यानं खाल्ले. म्हटलं, उत्तर गेलं नाही, आता हा भोंगा दाबणार."

"ते नाही. पट्टा का नाही सोडलास?"

तो माझ्याकडे पाहायला लागला, आणि ती नजर मला ठाऊक होती. कलंडलेल्या घमेल्याच्या पलीकडून आली होती तीच. "पट्टा टाकून निघालो असतो आणि त्या अंधारात खिडकी सापडायच्या आत पडलो असतो तर?" तो म्हणाला. "तुझ्या ओढण्यानं दोरी कधीतरी सुटली असती आणि रिकामा पट्टा वर आला असता. मग तू खाली आला असतास, दादा. नियम गेला खड्ड्यात. मला माहीत नाही का?" पुन्हा खोकला आला त्याला. "अडकलेली दोरी हातात असेपर्यंत तू वर राहशील असं वाटलं."

आजूबाजूला माणसं होती. आईसाहेब असं कोणीच म्हणालं नाही. मी, ज्यानं पाच महिने तोंड उघडलं नव्हतं, त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "ती नोकरी माझ्यामुळे गेली. कागदावर दम्याचं मी लिहिलं."

"वाचलंय," तो म्हणाला.

"काय वाचलंयस?"

"कागद. त्यांनी नकाराबरोबर त्याची नक्कल पाठवली होती. तुझं अक्षर काय मला ओळखू येत नाही?"

मीटरवालीच्या काखेत वही होती, तिला बाहेर आल्याची वेळ लिहायची होती. मी ती जवळजवळ ओढूनच घेतली. पाच महिने मी न पाहिलेली पानं मागे उलटत गेलो. दर पंधरा दिवसांनी एक ओळ, उतरणाऱ्याच्या हातची, तिरकी, घाईची. दोरीवाला, माझं नाव. दोरीवाला, माझं नाव. नकार आला त्या आठवड्यापासून आजपर्यंत नऊ वेळा. रागानं एकदा तरी दुसऱ्याचं लिहायचं! एकदा तरी! मी वही उघडी धरून उभा राहिलो आणि मला त्याला मारावंसं वाटलं, खरंच सांगतो, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ओरड ना माझ्यावर. मी काय केलं ते मला सांग ना. आणि तो शांतपणे बुटातला चिखल काढत होता. डावा बूट काढलेला, पावलावरचा डाग ओला होऊन काळसर दिसत होता.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"बोलून काय करायचं होतं? तुला धरायची होती दोरी." बूट उलटा करून त्यानं काठावर आपटला. "त्यांना मी पुन्हा लिहिलंय. डॉक्टरचा कागद जोडून. बोलावलंय त्यांनी. पुढच्या महिन्यात जातोय आम्ही."

मी म्हणालो, मीही लिहितो त्यांना, आजच, खरं काय ते. तो म्हणाला, लिही. एवढंच म्हणाला, जसं पाणी दे म्हटल्यावर घे म्हणावं. मग बूट चढवून तो उठला, थोडा डुलला, मीटरवालीच्या खांद्याचा आधार घेतला, आणि वळून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला कळेना काय करायचंय. आमच्याकडे पाठीची कडी उतरणाऱ्यानं काढायची नसते. ती दोरीवाल्यानंच काढायची, माणूस बाहेर आल्यावर, आणि मग वहीत वेळ लिहायची. लोक पांगत होते. दोरी अजून त्याच्या पाठीपासून टाकीच्या तोंडापर्यंत गेलेली होती, चिखलानं माखलेली, जड.

"दादा," तो मागे न बघता म्हणाला, "काढ ना आता."

हातमोजा काढावा लागला, त्याशिवाय कडीचा खटका दाबता येत नाही. चिखलानं कडी बुळबुळीत झाली होती, बोटं दोनदा निसटली. तो हलला नाही, टॉवेलाखाली बसायचा तसा मान वाकवून उभा राहिला. तिसऱ्यांदा खटका दबला. कडी उघडली, आणि दोरी तिच्या वजनानं माझ्या हातातून खाली गेली.